मालवणचं हिरवं पाणी, फ्लॅशविना : लांबचा जांभळा डाग गेला, आता भानगड वाळूची

जांभळा डाग गेला. मालवणच्या पाण्याखाली फ्लॅशविना काढलेल्या फोटोंत पाण्याने खाल्लेले रंग आपण कोडने परत आणतो. त्यात तीन मीटरच्या पुढचे खडक वांग्याच्या रंगाचे होत होते, ते आता खडकासारखे दिसतात. कारण रंगदुरुस्तीच्या सूत्रात नव्हतंच. बिघाड त्याच्या कितीतरी आधी, रॉ फाइल (सेन्सरचे कच्चे आकडे) उघडताना होत होता. मागच्या नोंदीत बीटाच्या (पाणी प्रत्येक रंग मीटरमागे किती कमी करतं त्या आकड्याच्या) किमतींवर एवढी चर्चा झाली, पण बीटा बिचारा निर्दोष आहे.

आधी आकडे. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचं शोषण मीटरमागे साधारण ०.३४ असतं आणि ५५० च्या हिरव्याचं ०.०५७. खोली ६ मीटर आणि खडक कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर असेल, तर प्रकाशाची एकूण वाट १० मीटरची. त्यात लाल उरतो ३ टक्क्यांच्या आसपास आणि हिरवा ५७ टक्के. म्हणजे लाल चॅनेलला (फोटोतल्या लाल रंगाच्या आकड्यांना) हिरव्याच्या १७ पट गुणावं लागणार, आणि हे शुद्ध पाण्याचं झालं. तारकर्ली-देवबागकडे कर्ली नदीचा गाळ आणि विरघळलेला सेंद्रिय पिवळेपणा निळाही खातो. त्यामुळे आपल्याकडे लाल आणि निळा हे दोन्ही चॅनेल उपाशी, हिरवा तेवढा पोटभर जेवलेला. अंदमानच्या निळ्या पाण्यासाठी सांगितलेल्या कृती इथे जशाच्या तशा चालत नाहीत, त्या यामुळेच.

आता डागाचं मूळ. कॅमेरा अंधारालाही शून्य लिहीत नाही. १४ बिटच्या अनेक कॅमेऱ्यांत ब्लॅक लेव्हल, म्हणजे अंधाराचा आकडा, ५१२ असते आणि नॉइज (आकड्यांतली आपोआपची थरथर) तिच्या वरखाली हलतो. रॉ कन्व्हर्टर ५१२ वजा करतो आणि जे ऋण आलं ते शून्यावर कापतो. नेहमीच्या फोटोत याने काही बिघडत नाही. आपल्याकडे मात्र समजा लांबच्या खडकाचा लाल सिग्नल खरा २ आहे आणि नॉइज ८. ऋण बाजू कापली की सरासरी २ राहत नाही, ४.३ होते. मग १७ ने गुणा : ३४ च्या जागी ७३. निळ्याचंही तेच, थोड्या कमी प्रमाणात. हिरवा नॉइजच्या कितीतरी वर असल्यामुळे त्याला धक्काही लागत नाही. लाल आणि निळा फुगले, हिरवा जागच्या जागी, म्हणजे जांभळा. व्हाइट बॅलन्सचा टिंट कितीही हिरव्याकडे ओढला तरी हा डाग हटत नाही, कारण तो सगळीकडे सारखा नसतो. जिथे सिग्नल कमी तिथे तो जास्त.

तर नवी कृती अशी. रॉपाय या पायथन लायब्ररीतून रॉ-इमेज-व्हिजिबल, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे, थेट घ्या, डीबेयर (एकरंगी पिक्सेलांतून पूर्ण रंग बनवणं) करू नका. लगेच फ्लोटमध्ये (दशांश आणि ऋणही चालणाऱ्या आकड्यांत) बदला आणि मगच ब्लॅक लेव्हल वजा करा. ऋण आकडे जसेच्या तसे ठेवा. दोन बाय दोनच्या चौकोनातून एक पिक्सेल बनवा, दोन हिरव्यांची सरासरी. रिझोल्यूशन निम्मं होतं, होऊ द्या. लांबच्या भागात तसाही तपशील नसतो. ब्लॅक लेव्हल मेटाडेटातली घेण्यापेक्षा डार्क फ्रेममधून मोजलेली बरी : लेन्स झाकून, तोच आयएसओ, तोच शटर, आणि कॅमेरा डाइव्हइतकाच वापरून गरम झालेला असताना. एक-दोन आकड्यांचा फरक पडतो, आणि सिग्नलच २ असेल तर एक आकडा म्हणजे पन्नास टक्के. जुन्या निकॉन डीएसएलआरपैकी बऱ्याच कॅमेऱ्यांत ही कापणी कॅमेऱ्यातच होऊन जाते. तिथे हा उपाय लागू नाही, लांबचा भाग सोडून द्यावा लागतो.

बॅकस्कॅटर (मधल्या पाण्याने कॅमेऱ्याकडे परतवलेला उजेड) वजा केल्यावर आपल्याच कोडमधली क्लिपची, म्हणजे ऋण आकडे कापणारी, ओळही काढा. ती राहिली तर वरची सगळी मेहनत वाया. शून्यावर कापणी फक्त एकदा, अगदी शेवटी, गॅमा (पडद्यासाठी उजेड बदलणारं सूत्र) लावण्याच्या आधी.

त्यानंतर नॉइज. इथे अंतराप्रमाणे सरासरी घ्यायची. दोन मीटरच्या आत काही नको, दोन ते तीनमध्ये २ बाय २, त्यापुढे ८ बाय ८. चौसष्ट पिक्सेलांची सरासरी नॉइज आठपट खाली आणते, म्हणजे वरच्या उदाहरणातला ८ चा नॉइज १ वर येतो. ही सरासरी फक्त लाल-हिरवा आणि निळा-हिरवा या गुणोत्तरांसाठी वापरायची, उजेड आणि तपशील हिरव्यातूनच घ्यायचा. गुणोत्तर काढताना आधी दोन्ही चॅनेलची सरासरी, मग भागाकार. उलट केलंत तर पुन्हा तोच फुगवटा मागच्या दाराने आत येतो. कडांवर रंग सांडत असेल तर साध्या सरासरीऐवजी गाइडेड फिल्टर (कडा राखून सरासरी घेणारा), मार्गदर्शक म्हणून हिरवा चॅनेल, त्रिज्या १६ पिक्सेल. माशांच्या पंखांच्या कडा यात छान सुटतात. पिवळ्या शेपटीभोवतीची करडी झालर गेली, हे या खेपेचं लोणी.

लाभावर (गुणायच्या पटीवर) मर्यादाही घातली आहे : लालला १६ पटींच्या वर गुणायचं नाही. त्यापलीकडे पाणी हिरवंच राहू द्यावं. पाणी पूर्ण पुसलेला फोटो मत्स्यालयातल्या खोट्या पार्श्वभूमीसारखा दिसतो. एका क्लिकमध्ये रंग आणणारी ॲप्स नेमकं तेच करतात, आणि लाल जिथे नव्हताच तिथे तो हिरव्यातून रचतात. आन्कुटी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या पद्धतीतही हिरव्यातून लालला उसनं दिलं जातं, पण किती द्यायचं ते सूत्रात उघड लिहिलेलं आहे. रेंज मॅप (प्रत्येक पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर) नसलेल्या एकट्यादुकट्या फोटोसाठी ती अजूनही उत्तम.

लेन्ससमोर लावायच्या रंगीत फिल्टरबद्दल विचारणा होते. नारिंगी-लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी, आपल्या हिरव्या पाण्याला मॅजेन्टाच हवा. तो हिरवा रोखतो, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं आणि लाल-निळ्याला जास्त प्रकाश मिळतो. फायदा एवढाच आणि तो खरा आहे. उजेड भरपूर असेल तरच लावा : सूर्य पाठीशी, सकाळी दहा ते दुपारी दोन, खोली ८ मीटरच्या आत. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ॲक्रेलिक फिल्टर मात्र घेऊ नका. एकाच पाकिटातल्या दोन तुकड्यांचा रंग जुळत नाही आणि मग प्रत्येक तुकड्याचं वेगळं कॅलिब्रेशन करत बसावं लागतं. फिल्टर नसेल तर हिस्टोग्राममध्ये हिरवा उजव्या कडेला टेकेपर्यंत एक्स्पोजर वाढवा. मागच्या एलसीडीवर फोटो भडक पांढुरका दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका.

आता उरलेली भानगड. बॅकस्कॅटरचा अंदाज आपण अक्काइनाक आणि ट्रायबिट्झ यांच्या २०१९ च्या सी-थ्रू पद्धतीने काढतो : अंतराचे दहा टप्पे, प्रत्येक टप्प्यातले सर्वांत गडद एक टक्का पिक्सेल, त्यांना काळं धरायचं. जवळच्या टप्प्यांत समुद्री साळिंदराचे काटे आणि खडकातल्या कपारी असतात, गडद पिक्सेल हमखास मिळतात. चार मीटरच्या पुढे मालवणला बऱ्याच फ्रेममध्ये नुसती वाळू. तिथला सर्वांत गडद पिक्सेलसुद्धा वाळूचाच. ती काळी धरली की बॅकस्कॅटर जास्त मोजला जातो आणि वजाबाकीत वाळू-खडकांचा स्वतःचा प्रकाशही जातो. डाग गेल्यावर आता लांबचा भाग मळकट करडा दिसतो, तो यामुळे.

कोलमॅपला (अनेक फोटोंतून अंतरं काढणाऱ्या सॉफ्टवेअरला) जास्त फ्रेम देऊन टप्पे बारीक करायचे असा बेत होता. पण हे लिहिता लिहिता दुसरं सुचलं : काळं शोधत बसण्यापेक्षा काळं बरोबरच का न्यायचं नाही? एका बाजूने बंद नळीचं तोंड जवळजवळ पूर्ण काळं असतं. कॅमेऱ्याला त्यात जो उजेड दिसेल तो मधल्या पाण्याचाच.

शेतीच्या पाइपलाइनची काळी एचडीपीई नळी घ्यायची, ६३ मिलिमीटर व्यासाची, लांबी ४० सेंटीमीटर. ती आरपार काळी असते, रंग उडण्याचा प्रश्न नाही. आतली चकाकी घालवायला ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. मागे काटकोनी एल्बो आणि एल्बोच्या टोकाला ४ मिलिमीटर भोक पाडलेली कॅप. भोक नसेल तर आत हवा अडकते, आणि सरळ मागेच असेल तर उजेड शिरतो. एचडीपीई पाण्यापेक्षा हलकी, तरंगेल. प्रत्येक नळीला शिसं बांधावं लागेल. दोरीवर १, २, ३, ४ आणि ५ मीटरला एकेक नळी आणि शेजारी १० सेंटीमीटरचा टेफ्लॉनचा चौकोन. मुंबईकरांना शीट नागदेवी स्ट्रीटला कापून मिळते. पांढरी प्लॅस्टिक पाटी नको, तिच्यात बऱ्याचदा ब्राइटनर (अतिनील प्रकाशात निळं चमकणारं रसायन) असतो आणि उथळ पाण्यात तो निळी बाजू खोटी उचलतो. दोरी नायलॉनची नको, ओली झाली की ताणते आणि मापं बिघडतात. पॉलिएस्टरची घ्या.

नळीवरून बॅकस्कॅटर, टेफ्लॉनवरून डायरेक्ट सिग्नलचा (वस्तूवरून थेट आलेल्या प्रकाशाचा) क्षय, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. कोलमॅपची गरज फक्त रेंज मॅपपुरती, आणि त्याला स्केलही दोरीवरूनच मिळतं. फॉरवर्ड स्कॅटरिंगमुळे (प्रकाश पुढे येताना थोडा विखुरल्यामुळे) आजूबाजूचा उजेड तोंडाच्या कडांवर सांडेल, म्हणून मोजणी वर्तुळाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातच. पाचव्या मीटरला तोही पुरणार नाही असं वाटतं. तिथे ११० मिलिमीटरची नळी लावून पाहावी लागेल.

प्रवाळावर दोरी टाकायची नाही, वाळूवरच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे दोरी पाण्यात नेण्याआधी डाइव्ह सेंटरला विचारून घ्या. पावसाळ्यात डायव्हिंग बंद, तोवर जलतरण तलावात गाठी, वजनं आणि बुडबुडे तपासता येतील. बीटा मात्र तिथे मोजू नका, त्या पाण्याचा मालवणशी काही संबंध नाही. एल्बोऐवजी नुसती नळी वाकवून कोणी करून पाहिली असेल तर व्यास आणि वाकवण्याची त्रिज्या कळवा.