गोष्टीचं शेपूट

बहिणीची रात्रपाळी असली की साडेचार वर्षांच्या भाचीला झोपवायचं काम माझ्याकडे येतं. परवा माळ्यावर सापडलेलं माझंच लहानपणचं इसापनीतीचं पुस्तक घेऊन बसलो. कव्हर कधीच गेलेलं. पहिल्या पानावर माझ्या हस्ताक्षरात नाव, इयत्ता, तुकडी आणि खाली 'हे पुस्तक चोरणाऱ्याचा हात झडो' असा शाप. सिंह आणि उंदराची गोष्ट वाचली. उंदरानं जाळं कुरतडलं, सिंह सुटला. खाली ठळक अक्षरांत 'तात्पर्य' होतं, वाचनाच्या भरात तेही वाचलं गेलं: लहानांना कमी लेखू नये.

भाची म्हणाली, "मामा, हे कोण बोललं? सिंह की उंदीर?"

मी गप्प. खरंच, कोण बोलतं हे?

आमच्या वेळी शाळेत तात्पर्याला दोन मार्क असायचे. याच गोष्टीचं तात्पर्य मी चौथीत 'दात नेहमी मजबूत ठेवावेत' असं लिहिलं होतं. दोनपैकी भोपळा मिळाला, वर ते उत्तर सगळ्या वर्गाला वाचून दाखवण्यात आलं. आजही मला ते फारसं चुकलेलं वाटत नाही. उंदराचे दात पडके असते तर सिंह अजून जाळ्यातच असता.

पोर झोपली, पण तिचा प्रश्न डोक्यात तसाच. गंमत अशी, की मराठी मुलांसाठी म्हणून छापलेलं पहिलं पुस्तक आपण मानतो, ते इसापचंच. ते निघालं ना पुण्यात, ना मुंबईत. निघालं तंजावरला, १८०६ साली. सरफोजीराजे भोसल्यांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, तिथं स्वतःचा छापखाना घातला होता, नाव नवविद्याकलानिधी. सख्खन पंडितांकडून त्यांनी इसापच्या गोष्टी मराठीत करवून घेतल्या आणि 'बालबोधमुक्तावली' छापली. राजे स्वतः श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीत शिकलेले, तेव्हा इसाप त्या दरबारात उपरा नसणार. तरी चित्र डोळ्यांपुढं आणून पाहा: गोष्टी ग्रीसच्या, भाषा मराठी, आणि वाड्याबाहेर कावेरीकाठचा तमिळ मुलूख. आपल्या बालसाहित्याची पाचवी पूजली गेली ती ही अशी, आजोळापासून शेकडो कोस लांब.

पुढचा मुक्काम आणखी लांब, थेट बंगालात. श्रीरामपूरला विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याच्या हाताखाली वैजनाथ पंडितांनी १८१४ मध्ये सिंहासनबत्तीशी आणि १८१५ मध्ये हितोपदेश मराठीत आणला. ही पुस्तकं मोडीत छापलेली, आणि छापली ती मुख्यतः मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी! बत्तीस पुतळ्यांच्या गोष्टी आधी मिशा फुटलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांनी अडखळत वाचल्या, आपल्या पोरांचा नंबर नंतर लागला.

मोडीवरून आठवलं. देवनागरीला आपल्याकडे 'बाळबोध' म्हणत. मोठ्या माणसांचे हिशेब, खलिते, उधारीउसनवारी सगळं मोडीत. पोरांना समजेल ते बाळबोध. पुढं 'बाळबोध' म्हटलं की साधंभोळं, जरा बावळटच, असा सूर लागला. आज आपण पोटापाण्याचा सगळा कारभार त्याच बाळबोध अक्षरांत करतो आणि मोडी वाचायला क्लास लावतो.

खऱ्या अर्थानं पोरांच्या हाती पुस्तकं पडू लागली ती मुंबईत. १८२२ मध्ये तिथं शाळा काढण्यासाठी आणि शाळांना पुस्तकं पुरवण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. तिच्या कामात सदाशिव काशीनाथ छत्रे होते. हे बापू छत्रे मला फार जवळचे वाटतात. १८२८ या एका वर्षात त्यांची दोन पुस्तकं निघाली: 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा'. बाळमित्र मुळातलं बेर्कें या फ्रेंच लेखकाचं. छत्र्यांनी ते इंग्रजीवरून घेतलं. एका भाषेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा शेंडेफळाला, तसा हा प्रवास. सदरा आमच्याही अंगाला बरा बसला. १८३० मध्ये त्यांची 'वेताळपंचविशी' आली आणि त्याच वर्षी ते गेले. उणीपुरी बेचाळीस वर्षांची हयात.

आता त्या तात्पर्याचं. पूर्वी मी त्याचं खापर साहेबाच्या माथी मारायचो: मिशनरी, शाळाखाती, शिस्त वगैरे. पण तो अर्धाच न्याय झाला. आपल्या पंचतंत्रवाल्या विष्णुशर्म्यानं तरी काय केलं? तीन ढ राजपुत्र, सहा महिन्यांची मुदत, आणि प्रत्येक कोल्ह्याकावळ्याच्या तोंडी राजनीती. फरक एवढाच की तिथं श्लोक गोष्टीच्या पोटात असतो, पात्रच तो म्हणतं. छापील पुस्तकात तो गोष्टीबाहेर येऊन शेपटासारखा लोंबायला लागला. आणि मला वाटतं, त्याला कारण पैसा. ज्या काळात छापील पुस्तक ही चैन होती, त्या काळात नुसत्या मजेसाठी कोल्हा छापायला कोण पैसे देणार? शेवटी दोन ओळी उपदेश असला की देणाऱ्यालाही समाधान आणि बापालाही.

हे शेपूट पुढं बरंच चाललं. १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक निघालं, निर्णयसागर छापखान्यातून. विनायक कोंडदेव ओक यांनी ते १९१४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवलं. महिन्याला एका थोर माणसाचं चरित्र, एक कविता, निबंध, शास्त्रीय माहिती. तेहेतीस वर्षं! उपदेश त्यात होताच. पण दर महिन्याला आपल्यासाठी काहीतरी टपालानं येतंय हे सुख एखाद्या पोराला काय वाटलं असेल? मग १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' आला. आपटे शब्दकोश करणारे गृहस्थ, तरी मासिकाचं नाव बघा. 'बोध' जाऊन 'आनंद' यायला शंभर वर्षं लागली. बरोब्बर शंभर, १८०६ ते १९०६. हा योगायोग मला आत्ता लिहितानाच दिसला.

दुसऱ्या रात्री मी इसाप बाजूला ठेवला. "चिऊकाऊची सांग," हुकूम झाला. शेणाचं घर वाहून गेलं, मेणाचं राहिलं, आणि काऊनं दार वाजवलं. वाजवायला माझी पाठ होती.

"चिऊताई, चिऊताई, दार उघड."

"थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे."

अंग पुसून झालं, काजळ झालं, तीट झाली. मी दार उघडायच्या बेतात होतो, तर ती म्हणाली, "एवढ्यात नाही. बाळाचे केस विंचरायचेत." मग पावडर. मग बाळाला शी झाली, परत अंघोळ. मग बाळाची नखं कापायला नेलकटर सापडेना.

"अगं, तो बिचारा भिजतोय बाहेर," मी म्हणालो.

"भिजू दे," ती जांभई देत म्हणाली. "तू नेलकटर शोध."

मी शोधत राहिलो. केव्हातरी पाठीवरची टकटक थांबली.