फुकटचा वकील

घटस्फोटाला खर्च किती येतो, असं विचारत मी फिरले तेव्हा सरळ आकडा कुणीच सांगितला नाही. एक वकील म्हणाले, केस कशी चालते त्यावर आहे. दुसऱ्यांनी सुरुवातीलाच मोठी रक्कम सांगितली आणि वर प्रत्येक तारखेचे वेगळे. मी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला आहे. पगार बेताचा, मुलगी पहिलीत, आणि नाशिकहून हडपसरला आईबाबांकडे येऊन तेव्हा वर्ष उलटून गेलेलं.

त्यातल्याच एकांनी याचिकेचा मसुदा करून दाखवला. नवरा दारूच्या नशेत मारहाण करतो, माहेरून गाडी आण म्हणतो, असं त्यात ठासून लिहिलेलं. माझा नवरा दारू सोडाच, चहासुद्धा घेत नाही. आमचं बिनसलं ते त्याने लपवलेल्या कर्जांवरून आणि मी विचारलं की महिना महिना अबोला धरायचा, त्यावरून. तसं मी म्हटलं तर उत्तर आलं, ‘ताई, हे असंच लिहावं लागतं, त्याशिवाय समोरचा वाकत नाही.’ मजकूर दुसऱ्या कुणाच्या तरी केसमधला होता, कारण पुढे एके ठिकाणी ‘मुलगी’ऐवजी ‘मुलगा’ तसाच राहिला होता. मी तो कागद परत दिला आणि पुन्हा तिकडे गेले नाही.

विधी सेवा प्राधिकरणाचं नाव आमच्या हॉस्पिटलच्या सोशल वर्करने सांगितलं. मोफत वकील म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी, आपल्याला कोण देतंय, असं मी म्हणत राहिले. शेवटी तिनेच ढकललं. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय आहे. टेबलावरच्या बाबूंना मी आधी पगाराचीच स्लिप दाखवली. ते म्हणाले, ‘बाईला उत्पन्नाची अट नाही, ताई. ठेवून द्या ती.’ १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात, कलम १२ मध्ये, तसं स्पष्ट आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले, या सगळ्यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. इतकी नोकरी केली, इतके फॉर्म भरले, पण हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पुण्याबाहेरच्यांसाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा हेल्पलाइन नंबर देशभर चालतो.

अर्ज साधा आहे. नाव, पत्ता, कशासाठी मदत हवी ते थोडक्यात, सोबत आधारची झेरॉक्स आणि लग्नाचा पुरावा. मी विवाह नोंदणीचा दाखला आणि पत्रिका दोन्ही जोडलं. नंतर पॅनेलवरच्या एका वकील मॅडमच्या नावाचं पत्र मिळालं. वकिलाची फी प्राधिकरण देतं, आपण द्यायची नाही, हे तिथेच सांगितलं गेलं.

घरी बाबांचं तोंड कडू. ‘फुकटचा वकील म्हणजे फुकटचं काम. एफडी मोडू, पण चांगला माणूस बघ.’ त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पॅनेलवर सगळे एका तोलाचे नसतात. आमच्या मॅडमकडे कामाचा ढीग, दिवसा फोन उचलत नसत, संध्याकाळी सहानंतर करा म्हणायच्या. पण वकील पटला नाही तर बदलून मागायचा अर्ज त्याच कार्यालयात देता येतो, ही गोष्ट खिशात होती. मला ती वेळ आली नाही.

पहिल्याच भेटीत मॅडमनी मला कागद दिला. ‘लग्नापासून आजपर्यंत काय काय झालं, तारखेवार लिहून आणा. विशेषणं नकोत. तो किती वाईट आहे ते नंतर, आधी काय घडलं ते.’ मी चार रात्री बसून पानं भरली. विशेषणं काढल्यावर दोन पानं उरली. याचिका त्याच दोन पानांवर उभी राहिली, दारूचा एक शब्दही न येता.

नाशिकला खेटे घालावे लागतील ही दुसरी धास्ती होती, कारण लग्नही तिकडचं आणि संसारही. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ साली दुरुस्ती झाली आहे. बायकोला ती राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. म्हणजे माझा अर्ज पुण्याच्या फॅमिली कोर्टात. कोर्ट फीसुद्धा लागली नाही. घटस्फोट, पोटगी अशा प्रकरणांत स्त्रियांना ती माफ करणारी महाराष्ट्र शासनाची अधिसूचना १९९४ची आहे. झेरॉक्सवाल्याकडे आणि बुडालेल्या रजांवर पैसे गेले ते गेलेच.

मग समन्स. पहिलं परत आलं, ‘घर बंद’ असा शेरा मारून. घर बंद नव्हतं, सासूबाई दिवसभर घरातच असतात. पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. कोर्टातले हे महिने सांगण्यासारखे नाहीत. बोर्डावर आपला नंबर बघायचा, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, पुढची तारीख पडली की जिना उतरायचा. तारीख ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दिसते. प्रत्येक केसला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवला की वकिलांना सारखं विचारावं लागत नाही.

फॅमिली कोर्टात वकील हक्काने उभा राहू शकत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. त्यामुळे न्यायाधीश बऱ्याचदा थेट आपल्याशी बोलतात, आणि उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. त्याआधी समुपदेशक. ‘मुलीसाठी जुळवून घ्या’ असं ऐकायची तयारी करून मी गेले होते. समुपदेशक मॅडमनी आम्हाला आधी वेगवेगळं आणि मग समोरासमोर बसवलं, आणि पहिला प्रश्न केला, ‘मुलीला काय सांगितलंय तुम्ही?’ आम्ही दोघंही गप्प. मी सांगितलं होतं की बाबा कामाला लांब गेलाय. त्याने फोनवर सांगितलं होतं की तुम्ही दोघी आजीकडे सुट्टीला गेलाय. मॅडम म्हणाल्या, आधी हे एक करा, दोघांनी मिळून एकच गोष्ट सांगा. तिथून बाहेर पडताना तो म्हणाला, ‘मलाही संपवायचंय. आई सही करू देत नाही.’

गाडी खरी हलली ती प्रतिज्ञापत्रामुळे. मी अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असेपर्यंतच्या पोटगीचा, अर्ज केला होता, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० सालच्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून अशा अर्जात दोन्ही पक्षांना आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञेवर मांडावी लागतात. पगार, खाती, कर्ज, विमा, सगळं. लग्नाच्या सात वर्षांत जे त्याच्या तोंडून निघालं नाही ते तिथे कॉलमात आलं. दोन पर्सनल लोन, एक पतसंस्थेचं, क्रेडिट कार्डाची थकबाकी. मी ते पान वाचलं आणि इतकी वर्षं आपण भांडत कशाशी होतो ते कळलं. त्याच्या वकिलांनाही बहुधा ते नवीनच होतं, कारण पुढच्या तारखेला त्यांनीच मॅडमना बाजूला घेऊन सहमतीचं विचारलं.

लढतीची याचिका सहमतीत बदलायची म्हणून दोघांच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली. आता अटी लिहायच्या. या अटींवर जितका वेळ घालवाल तितका कमी. माझ्या मते वकिलाची खरी परीक्षा इथे होते, कोर्टात बोलण्यात नाही.

त्याच्या बाजूने आलेल्या मसुद्यात होतं, ‘वडिलांना सोयीनुसार मुलीची भेट मिळेल.’ मॅडमनी त्यावर रेघ मारली. ‘कुणाच्या सोयीनुसार?’ मग ठरलं : दुसरा आणि चौथा शनिवार, अकरा ते पाच. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी. आणायचं कुणी, सोडायचं कुणी, आजारी पडली तर काय, हेही. वाचताना रुक्ष वाटतं, पण या ओळींमुळे आमचा फोनवरचा वाद निम्म्यावर आला.

पोटगीवरून मी थकले होते. काही नको, फक्त मोकळं करा, असं मी म्हणून टाकलं. मॅडम एवढ्या एकाच वेळी माझ्यावर आवाज चढवून बोलल्या : ‘तुमची पोटगी सोडायची तर सोडा. मुलीची सोडायचा तुम्हाला अधिकार नाही.’ तिची रक्कम महिन्याच्या पाच तारखेपर्यंत खात्यात, आणि दरवर्षी वाढ, असं लिहिलं गेलं.

स्त्रीधनाचंही तसंच. ‘सर्व दागिने मिळाले’ या वाक्यावर मी सही करणार होते, कारण तो देतो म्हणाला होता. मॅडमनी यादी करायला लावली. मंगळसूत्र, पाटल्या, मुलीच्या बारशाची चांदीची वाटी, वजनासकट. हातात पडेपर्यंत ‘मिळाले’ लिहायचं नाही. एकरकमी पैशाचेही दोन भाग केले, काही रक्कम अर्ज दाखल करताना आणि उरलेली शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, कारण हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते.

सहमतीच्या अर्जाला त्याच कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असा अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर हा २०१७चा निकाल आहे. अट अशी की अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे असाल, समेटाचे प्रयत्न संपलेले असतील आणि पोटगी, मुलं, सगळं मिटलेलं असेल. आमचं तिन्ही बसत होतं. सहमतीच्या अर्जानंतर आठवड्याने हे सहा महिने माफ करण्याचा अर्ज दिला. न्यायाधीश मॅडमनी दोघांना विचारलं, कुणाचा दबाव आहे का, अटी वाचल्यात का. त्याने ‘हो, वाचल्या’ म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. ड्राफ्टचा नंबर रोजनाम्यात लिहून घेतला गेला.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला एकदम जास्तच मागून ठेवा. शाळा, बँक, पीएफ, एलआयसी, जो तो ओरिजिनल बघायला मागतो. पीएफचा आणि विम्याचा वारस आपण स्वतः जाऊन बदलायचा असतो, हुकूमनाम्याने तो आपोआप बदलत नाही.

सगळ्यात चिवट निघालं ते नाशिकच्या फ्लॅटचं कर्ज. आम्ही दोघं सहकर्जदार. हप्ते तोच भरेल असं अटींत होतं, पण बँकेने दिलेल्या कर्जाला आमच्या आपापसातल्या अटी लागू नाहीत. त्याने हप्ता चुकवला तर फोन मलाच येणार. म्हणून मॅडमनी अट घातली होती की अमुक मुदतीत त्याने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचं. फ्लॅटमधल्या माझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र मी त्यानंतरच नोंदवलं, आधी नाही. कर्जातून माझं नाव काढल्याचं बँकेचं पत्र यायला हुकुमापेक्षा जास्त वेळ लागला. पत्र हातात आल्यावर महिनाभराने सिबिलच्या रिपोर्टमधून ते कर्ज गेलं, आणि मग मला माझ्या नावावर स्कूटीचं लोन मिळालं.