पानं मोजून घड ठेवले

२६ नोव्हेंबर २०२३ च्या दुपारी निफाड तालुक्यात गारा पडल्या, तेव्हा आमच्या थॉम्पसन जातीच्या द्राक्षबागेत मणी नुकते ज्वारीपेक्षा मोठे झाले होते. सप्टेंबरअखेरची छाटणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, दाटीचे मणी काढायची विरळणी, सगळं उरकलेलं. खर्च झाडावर चढलेला, माल निघायला अजून अडीच महिने.

हवामान खात्याचा इशारा होता. पण प्लास्टिकचं आच्छादन घालायचं तर एकरी खर्च लाखांत, ते लहान शेतकऱ्याला कुठून परवडणार? गाय-वासरू गोठ्यात घेतलं, कांद्याच्या रोपावर ताडपत्री ओढली, मोटारीचा मेन पाडला. मग पत्र्यावर असा मारा सुरू झाला की शेजारी उभ्या आत्याबाईंचं बोलणं ऐकू येईना.

गारा थांबल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, घडांकडे नंतर बघा, आधी ओलांडे बघू." ओलांडा म्हणजे वेलीची तारेवर पसरलेली कायमची फांदी. बरोबर होतं ते. घड एका हंगामाचा, ओलांड्यावर पुढची दहा वर्षं माल घ्यायचा असतो. पश्चिमेच्या दोन ओळींत ओलांड्यांची साल फाटली होती. बाकी ठिकाणी पानांनी मार झेलला आणि पानांच्याच चिंध्या झाल्या.

उघड्या जखमेत रोग शिरायला वेळ लागत नाही, म्हणून पहाटेच बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, करायला घेतलं. मोरचूद एका ड्रममध्ये, चुना दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र. विळ्याचं पातं बुडवून काढलं तर त्यावर तांबूस थर. म्हणजे चुना कमी. आणखी निवळी ओतली, पातं घासून पुन्हा बुडवलं, तेव्हा स्वच्छ निघालं. कोवळी फूट करपू नये म्हणून अर्धा टक्काच ठेवलं. चिखलात ट्रॅक्टर जाईना, नळी ओढत फवारलं.

खरं अवघड काम त्यानंतरचं. सुरगाण्याहून आलेल्या ज्या बायकांनी विरळणी करून एकेक घड घडवला होता, त्यांच्याच हातात पुन्हा कात्र्या दिल्या.

"ताई, हा अर्धा चांगला आहे. राहू द्यायचा ना?"

घड उलटून पाहिला. फुटलेल्या मण्यांचा रस चांगल्या मण्यांवर ओघळला होता. शिवाय त्या काडीवर धड पानं चारच. एक घड पोसायला दहा-बारा पानं तरी लागतात. नाहीतर मणीही भरत नाही, साखरही येत नाही.

"काढा, मावशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काढला. पुढे प्रत्येक काडीवर आधी पानं मोजायची, मग घड ठेवायचा की नाही ते ठरवायचं, असंच चाललं. चार-दोन मणी फुटलेले असतील तर कात्रीच्या टोकाने तेवढेच टिपले. कापलेले घड बागेत कुजू न देता बाहेर खड्ड्यात पुरले. पंचनाम्यासाठी फोटो आधीच काढून ठेवले होते. पंचनाम्यात पीक किती टक्के गेलं ते मांडतात, ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मदत. फाटलेल्या ओलांड्याला त्यात रकाना नाही, आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

फेब्रुवारीत निम्म्याहून कमी माल निघाला, पण मणी भरलेला होता आणि व्यापाऱ्याने तो नाकारला नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे माल निघाल्यावरच्या छाटणीनंतर, पश्चिमेच्या त्या दोन ओळी सोडल्या तर बाकी ओलांडे एकसारखे फुटले.