क्लिंडापुढचा आर

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये पुवाचे स्वॅब वाढतात. कोयत्याचे घाव, पाचटानं कापलेले हात. हा स्वॅब वाळव्याकडच्या एका दवाखान्यातून आला होता. ऊसतोडीचा पोरगा, तळहाताला गळू, चिरा देऊन पू काढलेला.

स्टॅफ ऑरियस हा पू करणारा जंतू निघाला. सेफॉक्सिटिन औषधाच्या डिस्कभोवतीचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, १६ मिमी. म्हणजे एमआरएसए, पेनिसिलिनच्या गटातल्या नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. आता डॉक्टरांच्या हातात गोळ्या मोजक्याच, त्यातली लाडकी क्लिंडामायसीन.

इथं मी हट्टी आहे. बऱ्याच लॅब सहा औषधांची, सहा पायांची तयार रिंग प्लेटवर टाकून मोकळ्या होतात. तिच्यात एरिथ्रोमायसीन (एरिथ्रो) आणि क्लिंडा शेजारी येतीलच असं नाही. मी ०.५ मॅकफारलँडचा, म्हणजे जंतूंच्या ठरावीक गढूळ पाण्याचा, लॉन तीन दिशांनी फिरवते आणि या दोन डिस्क सुट्या, चिमट्यानं, १५ ते २६ मिमी अंतरावर ठेवते.

सकाळी एरिथ्रोभोवती झोनच नव्हता. क्लिंडाचा २४, नुसती मोजपट्टी लावली तर छान एस, म्हणजे औषध चालेल. पण एरिथ्रोकडची कड सपाट, सरळ इंग्रजी डी! एरिथ्रोच्या सान्निध्यात या जंतूचं ईआरएम जनुक जागं होतं, रायबोसोमवर मिथाइल बसवतं, मग क्लिंडाला तिथं चिकटता येत नाही. रिपोर्टात आर लिहिला, म्हणजे रेझिस्टंट, चालणार नाही.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन.

"मॅडम, क्लिंडावरच सूज उतरलीय. तुम्ही आर कसं लिहिता?"

"सर, पू निघाला की निम्मं काम झालेलंच असतं."

"आणि खाली हे काय? 'काही रुग्णांत गुण येऊ शकतो.' मग देऊ का नको?"

रिपोर्टाखालची टीप वाचणारे डॉक्टर विरळाच, त्यामुळं रागही येईना. ती ओळ माझ्या मनची नव्हती, सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या चाचणी-नियमांच्या जुन्या आवृत्तीतून आमच्या साच्यात आलेली. पण उत्तर माझ्याकडंही नव्हतं. प्लेटवर पू नसतो, चिरा नसतो, माणसाची स्वतःची ताकदही नसते. "मी असते तर बदललं असतं," एवढंच म्हणाले.

त्यांनी बदललं नाही. पोरगा हात बांधून पुन्हा फडात गेला, मुकादम त्याला बसून थोडाच खाऊ घालणार! टोळी पुढं कुठं गेली ते दवाखान्यालाही ठाऊक नाही. आर खरा ठरला की चिरा पुरला, हे मला कधीच कळणार नाही, आणि तेच सारखं डोक्यात येतं. कोट्रायमोक्साझोलचा झोन २३ होता, म्हणजे एस. स्वस्तातली गोळी, त्याच रिपोर्टात, क्लिंडाच्या खालच्याच ओळीत.