बोट

२२ मे, शुक्रवार. रात्रीचे साडेनऊ.

लवकीचं, म्हणजे दुधी भोपळ्याचं, पहिलं फळ गळलं. टोकाकडून पिवळं पडत पडत सुकलं आणि सकाळी आळ्यात पडलेलं दिसलं. करंगळीएवढं. वेलीची पहिली दोन-चार फळं गळतातच, त्याचं दुःख नाही. पण पाच वर्षांची चिऊ तिथंच उभी होती. हात पाठीमागं, दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या. म्हणाली, "माह्यानं मेलं का वं, मोठी आई?"

मंगळवारी सकाळी मीच ओरडले होते तिच्यावर. "बोट नको दावू, कुजते ते!" आईचं वाक्य, आईच्याच आवाजात, विचार करायच्या आत तोंडातून गेलं. कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही, दाखवायचंच तर मुडपून दाखवायचं, हे आम्हीही असंच ऐकत मोठे झालो. आज मी "नाही वं, तुह्यानं कशाला मरते" म्हटलं. तिनं मान हलवली, पण पटलं नाही. जाताना फाटकाची कडी तिनं कोपरानं उघडली.

ते कोपर दिवसभर डोळ्यासमोरून हललं नाही.

नवतप्याला, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांना, अजून तीन दिवस आहेत आणि आताच अंगणातली फरशी सकाळी आठला चटका देते. वाडीतलं सगळं काम पाच ते सात या दोन तासांत आटपावं लागतं. आधी पाणी. रात्रभर गार झालेली जमीन सकाळी पाणी खाली ओढते आणि दिवसभर झाडाला पुरवते. उन्हात दिलेलं पाणी वरच्या वर वाफ होऊन जातं. नळ कधी अवेळी आला आणि दुपारी पाणी द्यायची वेळ आलीच, तर पाइपात साचलेलं पाणी आधी बादलीत सोडायचं. काळा पाइप उन्हात पडलेला असला की पहिलं साचलेलं पाणी हाताला पोळतं. ते मुळाशी गेलं तर कोवळी रोपं संध्याकाळपर्यंत माना टाकतात.

आपल्या काळ्या जमिनीचं दुखणं वेगळंच. तीन-चार दिवस पाणी चुकलं की भेगा पडतात. भेग पडताना बारीक मुळं तुटतात, आणि नंतर कितीही ओतलं तरी पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं, वाफा वरून कोरडाच. म्हणून भेग दिसली की पाणी सोडायच्या आधी खुरप्यानं वरची दोन बोटं माती भुसभुशीत करून भेग बुजवायची, मग हळू धारेनं पाणी, मग वरून कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. सोयाबीनचं कुटार दोन-तीन इंच पसरलं की दिवसाआडचं पाणी पुरतं. फक्त खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवायची, खोडाला ओलं कुटार चिकटलं की साल कुजते. आणि आठवड्यातून एकदा कुटार उचलून खाली उधई (वाळवी) लागली का ते पाहायचं. मिरचीच्या ओळीत लागली होती, मूठ-मूठ निंबोळी पेंड मातीत मिसळली.

हे सगळं मला येतं. चाळीस वर्षं वाफ्यात हात घालते, कोणत्या पानाला काय झालं ते लांबून सांगते. तरी त्या लेकराला म्हटलं काय, तर बोट दाखवलं की कुजते.

फळ फेकून देणार होते. मग विळीवर उभं चिरून पाहिलं. फळमाशीनं डंख मारला असता तर सालीवर सुईच्या टोकाएवढी खूण दिसली असती, तिथं डिंकासारखा थेंब आला असता, फळ त्या बाजूला वाकडं झालं असतं, आत पांढऱ्या अळ्या असत्या. यातलं काहीच नव्हतं. पाणी कमी पडलं म्हणावं तर शेंडा ताठ आहे, पानं सकाळी टवटवीत असतात. (दुपारी लवकीची पानं मलूल होतात ती उन्हानं. संध्याकाळी आपोआप उभी राहतात. त्या वेळी घाबरून पाणी ओतायचं नाही.) आत बियांच्या जागी नुसते पांढुरके पोकळ ठिपके. म्हणजे फूल फळलंच नव्हतं, पराग बसलाच नव्हता.

लवकीला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नराचा देठ लांब आणि बारीक, मादीच्या पाकळ्यांच्या मागं आधीपासून लवकीचं इवलंसं रूप, मऊ लव असलेलं. आमचा वेल गुढीपाडव्याच्या सुमाराला टोकलेला. पहिले पंधरा दिवस नुसती नर फुलंच आली. तसंच होतं, त्यात ऊन जितकं कडक तितकी नर फुलं जास्त. सहा-सात पानांवर वेलीचा शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्या फांद्यांवर लवकर धरतात. यंदा तो शेंडा खुडायला उशीर झाला. यंदा मांडवच उशिरा झाला. पराट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, आणून ठेवल्या होत्या, बांबूही होते, पण मांडव दोघांनी घालायचं काम आहे. असो.

लवकीचं फूल संध्याकाळी उमलतं, दिवेलागणीच्या आसपास, आणि रात्रभर उघडं राहतं. पांढरंशुभ्र असतं ते रात्रीच्या पतंगांसाठी. दोडक्याचं फूलही संध्याकाळचंच, पिवळं. कोहळ्याचं मात्र पहाटेचं. ते उन्हाळ्यात नऊच्या आत मिटून जातं, मधमाशीला जे करायचं ते तेवढ्यात. काकडी, कारलं, ढेमसं हीसुद्धा सकाळची. हे माहीत नसलं की माणूस सकाळी लवकीच्या कोमेजलेल्या फुलाला हात लावत बसतो आणि काही लागत नाही म्हणतो.

तर आमचं ते मादी फूल सोमवारी संध्याकाळी उमललं.

आणि सोमवारी संध्याकाळी मी वेल धुतला.

हे आज दुपारी पंख्याखाली पडल्या पडल्या आठवलं आणि उठून बसले. लाल कोळी झाली होती. पानाच्या वरून बारीक पांढुरके ठिपके, मागं धूळ बसल्यासारखं जाळं. पांढऱ्या कागदावर पान झटकलं की ठिपक्याएवढे लाल जीव चालायला लागतात. कोरड्या उन्हात ही कीड झपाट्यानं वाढते. तिच्यावर आधी औषध लागत नाही. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून पानांच्या मागच्या बाजूनं जोरात पाणी मारायचं, तीन दिवस लागोपाठ, बरीचशी धुऊन जाते. पण ते करायचं सकाळी, फुलं मिटल्यावर, आणि पानं उन्हानं लगेच सुकतील अशा बेतानं. सोमवारी नळ संध्याकाळी आला. मी म्हटलं आलंय पाणी तर उरकून घेऊ. मांडवाखाली उभी राहून वर धार मारली, सगळी फुलं चिंब. पराग ओला झाला की कामातून जातो. त्या रात्री पतंग आले असतील तरी नेणार काय होते?

म्हणजे मंगळवारी सकाळी चिऊनं बोट दाखवलं तेव्हा त्या फळाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. हिरवं दिसत होतं एवढंच. न फळलेलं फूलसुद्धा दोन-तीन दिवस हिरवं राहतं.

खूप वेळ नुसती बसून राहिले. पहाटे पाचला उठायचं, रात्री दहाला आडवं व्हायचं, मध्ये सेहेचाळीस अंशांचं ऊन, हाताला खुरप्याचे घट्टे, आणि खाणारी मी एकटी. बाजारातून शुक्रवारी थोडक्या पैशांत पिशवी भरून भाजी येईल. तरी ही वाडी करते, आणि करून काय, तर पाच वर्षांच्या लेकराच्या डोक्यात घातलं की तुझं बोट वाईट. मोठी झाल्यावर ती लवकी विसरेल. पण माझा आवाज विसरेल का? मी आईचा विसरले नाही.

चार वाजता उठून भेंडी तोडली. सकाळी राहून गेली होती. उन्हाळ्यात भेंडीला एक दिवसाआड तोडावंच लागतं, तिसऱ्या दिवशी शेंग निबर. टोक अंगठ्यानं दाबलं की कट् करून मोडलं तर कोवळी, वाकलं तर बियाण्याला ठेवा. एका झाडाच्या पानांच्या शिरा पिवळ्या धमक झालेल्या, हळद्याच तो. उपटून टाकलं. त्याला उपाय नाही, पांढरी माशी ते एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, दया दाखवली की आठ दिवसांत ओळ जाते.

टमाट्याला फूल भरपूर आणि फळ नाही. ते आता लागणारही नाही. दिवसाचं तापमान अडतीसच्या वर आणि रात्रही गरम असली की टमाट्याचा पराग निकामी होतो, फूल देठासकट गळतं. खत घालू नका, फवारू नका. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी पश्चिमेकडून अशी बांधायची की बारा ते चार सावली राहील, आणि झाड नुसतं जगवायचं. पाऊस पडला की तेच झाड पुन्हा धरतं. जास्त दाट जाळी घेतली तर झाड लांबुडकं होतं. शेजारी बाईंनी जुन्या लुगड्याची सावली केली आहे, तीही चांगली आहे, हवा खेळते.

त्याच जाळीखाली सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकला आहे. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे, पेरून वर ओलं पोतं टाकायचं. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी पोतं काढायचं, नाहीतर पिवळे लांबट होतात. नवव्या दिवशी उगवला आहे. वाकून वास घेतला. एवढुशा दोन पानांनाही पूर्ण वास असतो. उन्हाळ्यात या वासाइतकं गार काही नाही.

वांग्यांच्या मधला माठ भरला. गळ्यापर्यंत पुरलेला, वर झाकणी. एक माठ चार झाडांना पुरतो, तिसऱ्या दिवशी भरावा लागतो. जुना माठ पुरताना एक लक्षात ठेवावं: ज्यात पाणी गार होईनासं झालं, तो जमिनीतही पाझरत नाही. क्षारानं त्याची छिद्रं बंद झालेली असतात. तो नारळाच्या शेंडीनं बाहेरून घासून बघायचा. नाहीच जमलं तर बुडाला खिळ्यानं बारीक छिद्र पाडून त्यात सुती वात ओढायची.

ओल्या मातीत हात असले की मन जागेवर येतं. माठात पाणी गुडगुडत उतरत होतं आणि मला वाटलं, आईनं ते वाक्य आम्हाला फळं वाचवायलाच सांगितलं असेल. दहा-बारा पोरं वाडीत, दाखवायला गेलेलं बोट लागतंच, दाबून बघतं, नख लागतं, आणि नख लागलेली लवकी त्या जागी खरंच कुजते. तिचं तिच्या जागी बरोबर होतं. मला आता ते पुढं द्यायचं नाही, एवढंच. ओरडून झालं ते परत घेता येत नाही, पण नवं फूल आज उमलणार होतं.

सहाला चिऊच्या घरी गेले. म्हटलं, चल, एक काम आहे, बॅटरी धरायला माणूस पाहिजे.

दिवेलागणीला मांडवाखाली दोघी. चार नर फुलं उमललेली, मादी दोन. एका मादीला दोन नर घ्यावेत, एकाचा पराग पुरेलच असं नाही. नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या अलगद मागं ओढून काढून टाकायच्या, मधल्या दांडीवर पिवळी पूड दिसली पाहिजे. बोटाला लागली तर पराग सुटलेला आहे, नाही लागली तर दहा मिनिटं थांबायचं. मग ती दांडी मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर हलकेच टेकवून फिरवायची, तीन वेळा, चारी बाजूंनी. दाबायचं नाही. झालं की देठाला सैल दोरा बांधायचा, म्हणजे कोणतं फूल कोणत्या दिवसाचं ते कळतं. लागलं असेल तर तिसऱ्या दिवशी देठ लांबतो, फळ जड होऊन खाली वाकतं आणि साल चकाकते.

पहिलं मी केलं. दुसरं तिच्या हातात दिलं. तिनं देठ सगळ्या मुठीत धरला, पेन्सिल धरायला शिकण्याआधी धरतात तसा. तिच्या मुठीवर माझा हात ठेवून फिरवलं. पिवळी पूड तिच्या अंगठ्याला लागली. ती तिनं पुसली नाही, बॅटरीच्या उजेडात धरून बघत राहिली.

"आणखी कोणतं उमललं का पाहाय वं," म्हटलं.

तिनं वर पाहिलं, खूप वेळ शोधलं, आणि मांडवाच्या कोपऱ्यातल्या एका कळीकडं हनुवटीनं दाखवलं.

ती कळी उद्याची आहे. आजच्या दोन्हींना दोरे बांधले, माझ्या फुलाला पांढरा, तिच्याला लाल. सोमवारी बघायचं. वेल धुवायची उद्या, सकाळी सहाला.