तुमचा नेमका विषय कोणता?

लग्नाच्या पंगतीत, मुलाखतीच्या टेबलापलीकडून, एसटीत शेजारी बसलेल्या काकूंकडून, सगळीकडून मला हा प्रश्न येतो. "मॅडम, तुमचा नेमका विषय कोणता?" विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. मी शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग, नंतर एम.ए. केलं अर्थशास्त्रात, आणि काम करते पंचगंगेकाठच्या गावांमध्ये, ग्रामपंचायतीचा आराखडा करताना. 'शाश्वत विकास' असं उत्तर दिलं की माणूस मान डोलावतो आणि जिलबी पुढे सरकवतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा नीट सांगते. माझा विषय बर्गा.

कोल्हापूरकरांना बर्गा समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला नदीत ओळीनं खांब असतात, खांबांना उभ्या खाचा असतात, आणि त्या खाचांत सरकवायच्या फळ्या म्हणजे बर्गे. जुन्या रीतीत फळ्यांच्या दोन ओळी आणि मधे माती. पावसाळा सरला की बर्गे घालायचे, पाणी अडवायचं, त्यावर उन्हाळाभर ऊस जगवायचा आणि पूर यायच्या आत काढून ठेवायचे. वरून बैलगाडी, दुचाकी, शाळेची पोरं ये-जा करतात ती वेगळीच.

इंजिनिअरिंगचा भाग इथे संपला. बर्गे घालायचे कधी, हा प्रश्न त्या शास्त्रात बसत नाही. लवकर घातले आणि परतीचा पाऊस कोसळला तर काठची रानं पाण्यात. उशीर केला तर पाणी कृष्णेला मिळून कर्नाटकात. वरच्या गावाला पाणी आज अडवून हवं असतं, खालच्याला वाहतं हवं असतं. तेरवाडच्या बंधाऱ्यावर तर हे सगळं एकदम दिसतं. कोल्हापूरचं सांडपाणी, वाटेतल्या गावांचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड उद्योगाचं रंगीत पाणी, सगळं तिथवर येतं. बर्गे घातलेले असले की ते थांबतं, केंदाळ साचतं आणि मेलेल्या माशांचा खच दिसल्याची बातमी कधी ना कधी येतेच. तीच फळी ऊसवाल्याला जगवते आणि भोयाचं जाळं रिकामं ठेवते. पाटबंधारे खातं पाणी किती ते बघतं, प्रदूषण नियंत्रण मंडळ पाणी कसं ते बघतं, पाणी प्यायचं कसं हे ग्रामपंचायतीनं बघायचं. तीन फायली, तीन साहेब, नदी एक. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. ती फाइल चौथ्याच खात्यात, आरोग्याच्या.

आता 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द फार चालतो. त्यावरच्या परिसंवादांना मी जाते, चहा चांगला असतो. जलतज्ज्ञ वीस मिनिटं बोलतात, मग समाजशास्त्रवाले वीस मिनिटं, मग कायदेवाले, आणि आभार. प्रत्येक जण आपलं पान वाचून खाली बसतो. माझ्या मते शाखा एकत्र येतात त्या व्यासपीठावर नाही, पंचनाम्याच्या कागदावर येतात, आणि तिथेच कोण सुटलं तेही कळतं.

पुराचं उदाहरण घ्या. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. जुलै-ऑगस्टमध्ये क्रिकेटच्या स्कोअरसारखं "किती झालं?" विचारतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ ला ५६ च्या पुढे. पण पाणी गावात शिरतं तेही क्रमानं. शहरात पहिल्यांदा सुतारवाड्याला हलवतात, चित्रदुर्ग मठात. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ऐन गणपतीच्या हंगामात मूर्ती भिजतात. हा क्रम नकाशातल्या उंचसखल रेषांनी ठरतो, तसाच शंभर वर्षांपूर्वी कुणाला कुठे राहू दिलं यानंही ठरतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा नकाशावर आखता येते. तिच्या आत बांधकामासाठी भराव कुणी टाकला आणि त्याला परवानगी कशी मिळाली, हे शोधायला नगररचनेच्या दप्तरात बसावं लागतं.

नदीकाठच्या, दर मोठ्या पुरात वेढल्या जाणाऱ्या प्रयाग चिखली गावाबद्दल लोक हमखास विचारतात, "त्यांना सोनतळीला जागा दिलीय की, मग जात का नाहीत?" १९८९ च्या पुरानंतर माळावर भूखंड दिले हे खरं. पण तेव्हाच्या एका घराची आता तीन घरं झालीत, भूखंड एकच. आणि म्हशी? वैरण रानात, रान नदीकाठी. धार काढायला पहाटे खाली आणि संध्याकाळी पुन्हा खाली, असं किती जण करणार? जिल्ह्यात १९६३ मध्ये दूध संघ उभा राहिला आणि ऊस जिथे पोचला नाही तिथे दुधाचे पैसे पोचले. ज्याला शेत नाही त्याच्याही दारात दोन म्हशी, दहा दिवसांनी बिल. बाईच्या हातात येणारा घरातला तो एकच नेमका पैसा. सुरक्षित माळावर तो बिलाचा कागद आला नाही तर ती कशाला जाईल? पुनर्वसनाच्या आराखड्यात म्हशीचा रकाना नसेल तर तो आराखडा अर्धाच.

रकान्यांवरून आठवलं. पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. घर पडलं तर घराच्या उताऱ्यावरचं नाव, पीक गेलं तर सातबाऱ्यावरचं नाव. वाट्यानं शेत करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. रोजानं भांगलायला जाणाऱ्या बायकांचा तर प्रश्नच येत नाही. एका गावात एक म्हातारी पंचनामा करणाऱ्या पोराला म्हणाली, "आमचं काय बुडालं म्हणून लिवणार रं? रोजगार काय पाण्यात तरंगताना दिसतोय व्हय?" तो पोरगा भला होता, पण त्याच्या कागदावर लिहायला जागाच नव्हती.

कोल्हापुरात राजर्षी शाहूंचं नाव घेतलं की वाद संपतो, म्हणून मी ते जपून घेते. पण इथे घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. २६ जुलै १९०२ ला त्यांनी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. भोगावतीवर राधानगरीचं धरण त्यांनी त्याच दशकात हाती घेतलं. १९१७ मध्ये मोफत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९१८ मध्ये महार वतन, म्हणजे गावची बांधील चाकरी, रद्द. पाणी, शाळा, नोकरी, वतन, सगळं एकाच टेबलावर होतं. धरण पुरं व्हायला १९५७ साल उजाडलं, तोवर हा सगळा कारभार वेगवेगळ्या खात्यांत वाटला गेला होता. धरण इंजिनिअरांकडे, आरक्षण कोर्टाकडे आणि निवडणुकांकडे, शाहूंनी काढलेली वसतिगृहं जयंतीच्या भाषणांकडे.

पाणी मग जमिनीच्या हिशेबानं गेलं. उपसा सिंचन संस्था झाल्या, साखर कारखाने झाले, गावोगावी सुबत्ता आली, हे मी नाकारत नाही. माझं स्वतःचं शिक्षण उसाच्या बिलावर झालंय. पण पाणी संस्थेचा सभासद व्हायला शेत लागतं, कारखान्याचा शेअर घ्यायला ऊस लागतो, आणि मत शेअरला जोडलेलं. वतन गेलं तरी ज्याच्या वाट्याला आधीच रान आलं नव्हतं, त्याच्या वाट्याला पाणीही आलं नाही. शिरोळकडे जादा पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या, तिथे निचऱ्याच्या पाइपा टाकायलाही खिशात पैसे आणि नावावर रान हवं. समतेचं खातं पाण्याच्या खात्यापासून वेगळं काढलं की असं होतं. वर 'वंचित घटकांसाठी उपाययोजना' नावाचं प्रकरण अहवालाच्या शेवटी जोडलं म्हणून ते भरून निघत नाही. पाणी कुणाला, हा प्रश्न पहिल्या पानावर यायला हवा.

याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगितलं. मला त्याचं फार कौतुक आहे. आणि कौतुक असल्यामुळेच तिथून पुढचं बघायची सवय लागली आहे. बांगड्या राहिल्या, पण वारस नोंदीत तिचं नाव लागलं का? नाव लागलं नाही तर पुढच्या पुरात भरपाई दिराच्या खात्यावर. कुप्रथा समाजसुधारणेच्या वहीत, वारस नोंद महसुलाच्या वहीत, पूर आपत्तीच्या वहीत. बाई मात्र तीच.

आणखी एक प्रश्न येतो तो पालकांचा. "मग पोरीला कशाला घालू, मॅडम?" मी सांगते, आधी एक विषय पक्का करू द्या, गणित असो की कायदा. सगळ्यातलं थोडं थोडं येणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. नंतर एका मे महिन्यात तिला बंधाऱ्यावर बर्गे काढताना उभी करा आणि त्याच गावच्या तलाठ्याकडे आठ दिवस सातबारे वाचायला बसवा. महिला ग्रामसभा असेल त्या दिवशी मागच्या रांगेत बसवा, बोलू देऊ नका. जाण्याआधी तलाठ्याला फोन मात्र करा, त्याच्याकडे तीन गावांचा चार्ज असतो.