जीपीएस अँटेना दोन हात वर सरकवायचा होता, एवढंच!

तक्रारी येत होत्या शेजारच्या साइट्सवरून, म्हणजे गच्चीवरच्या आमच्या मोबाइल टॉवर्सवरून. रेंज फुल, पण अपलोड मेलेलं. दोष निघाला तिसऱ्याच इमारतीत. तिथल्या सोसायटीने गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याची शेड टाकली आणि आमचा जीपीएस अँटेना पत्र्याखाली गेला. साइट आपली अचूक वेळ त्यातूनच, सॅटेलाइटकडून घेते. सॅटेलाइट दिसेनात, साइट होल्डओव्हरवर, म्हणजे आतल्या क्रिस्टलच्या भरवशावर, आणि घड्याळ हळूहळू सरकत गेलं.

टीडीडी या आमच्या नेटवर्कच्या पद्धतीत पाठवणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं. सगळ्या साइट्सची वेळ ±1.5 मायक्रोसेकंदात जुळावी लागते. एक जरी सरकली तरी शेजारच्या ऐकत असतानाच ती बोलायला लागते आणि मोबाइलचा क्षीण सिग्नल त्यात बुडतो. त्यामुळे अलार्म एकीकडे, बोंब दुसरीकडे.

काम किरकोळ: पाइप, क्लॅम्प, थोडी लांब केबल. पण घोडं अडलं आमच्याच परवानगी डेस्कवर. फॉर्ममध्ये ‘अँटेना बदल’वर टिक केली की रेडिएशनचं सर्टिफिकेट, स्ट्रक्चरल रिपोर्ट आणि सोसायटीची एनओसी हवीच. अहो, हा अँटेना काही सोडतच नाही, 20,000 किलोमीटरवरच्या सॅटेलाइटचं नुसतं ऐकतो! तसं सविस्तर मेलवर लिहिलं. उत्तर आलं, ‘कृपया सर्टिफिकेट जोडावे.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तिकडे सेक्रेटरी म्हणाले, “आधीचे अँटेना काय कमी आहेत? जनरल बॉडीत ठेवू.” आणि वरून रोज फोन, साइट कधी सुटणार?

शेवटी चेअरमनकाकांना गच्चीवर नेलं. गुंडाळीतली शिल्लक केबल सोडून अँटेना हातानेच शेडबाहेर धरला. लॅपटॉपवर एकेक सॅटेलाइट दिसू लागलं, लॉक आला. काका म्हणाले, “हा जुनाच ना? मग त्यात विचारायचं काय?” लेटरहेडवर लिहून दिलं: जुने उपकरण, फक्त जागा बदल. तेच पत्र ‘मेंटेनन्स’खाली टाकलं आणि विनासर्टिफिकेट पास झालं! तेव्हा ‘अँटेना बदल’ला हात लावू नका, थेट मेंटेनन्स.

फायबरवरून पीटीपीने, म्हणजे नेटवर्कमधूनच वेळ पोचवणाऱ्या प्रोटोकॉलने, वेळ मिळाली असती तर पत्र्याने एवढं अडलं नसतं, पण त्या साइटचं बजेट कायम पुढच्या वर्षी.

कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप चोख मारा, पावसात पहिलं पाणी तिथेच शिरतं. आणि हो, केबल बदलली की नवी लांबी कॉन्फिगमध्ये भरा. सिग्नलला केबलमधून यायलाही वेळ लागतो, मीटरला साधारण 4 ते 5 नॅनोसेकंद धरा. 30 मीटरला सव्वाशे-दीडशे जातात, आणि बाकीच्या चुकाही त्याच 1500 नॅनोसेकंदांत बसवायच्या असतात.